उजेड कमी असलेल्या घरात कोणती झाडं लावावीत?

सुरुवात एका प्रश्नानं करू. गेल्या वर्षभरात ज्यांच्या घरी कुंडीतलं एखादं तरी झाड मेलं, त्यांनी जरा हात वर करा. बघा, जवळजवळ सगळं सभागृह! लाजू नका, आमचेही हात वर आहेत.

आता दुसरा प्रश्न. झाड मेल्यावर घरात पहिलं वाक्य काय ऐकू आलं? "माझ्या हाताला झाडं जगतच नाहीत." हो ना? आजचं सगळं बोलणं या एका वाक्याविरुद्ध आहे. हाताचा दोष फार थोड्या वेळा असतो. बहुतेक वेळा चूक होते ती झाड निवडताना, कुंडी घरात यायच्या आधीच.

आम्ही कोण, तेही सांगून टाकतो. आम्ही वनस्पतिशास्त्रज्ञ नाही. चार-पाच जण आहोत, कुंड्यांचं वेड असलेले. सुटीच्या दिवशी ओळखीच्या लोकांच्या घरी जातो, त्यांच्या कुंड्या बघतो, जमेल तो सल्ला देतो. त्यातून जे शिकलो, आणि जे चुकलो, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

एका आजींची तुळस

चुकलो तिथूनच सुरू करू. गिरणगावातल्या एका जुन्या चाळीचा पुनर्विकास झाला. चाळीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींना नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर मिळालं. घर छान, संडास घरात, लिफ्ट आहे. पण खिडकीसमोर हाताच्या अंतरावर म्हणावी इतक्या जवळ दुसरी इमारत. आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडते ती डक्टमध्ये.

चाळीच्या गॅलरीत आजींची तुळस डब्यात लावलेली होती. पन्नास वर्षं, म्हणजे एक गेली की तिच्याच मंजिऱ्यांची दुसरी, अशी. नव्या घरात आल्यावर तीन महिन्यांत तुळस वाळली. दुसरी आणली, ती महिनाभरात गेली. त्यांच्या नातसुनेनं आम्हाला फोन केला. आम्ही फोनवरच विचारलं, "पाणी किती घालता?" "रोज सकाळी तांब्याभर." मग आम्ही मोठ्या आत्मविश्वासानं सांगितलं, "पाणी कमी करा." तिसरी तुळस आली, पाणी कमी झालं, तीही गेली. चौथी गेली तेव्हा आजी नातसुनेला म्हणाल्या, "तुळस टिकत नाही म्हणजे या घराला माझं येणं मानवलेलं नाही." आणि त्यांनी जेवणच कमी केलं.

हे कळल्यावर आम्ही घरी गेलो. दुपारचे बारा वाजले होते आणि घरात ट्यूबलाइट लावलेली होती. दारातच कळलं की आपण घर न बघता सल्ला दिला. पाण्याचा प्रश्न दुसरा होता, पहिला प्रश्न उजेडाचा होता. तुळशीला रोज निदान चार-पाच तास ऊन हवं. त्या घरात उन्हाचा कवडसासुद्धा येत नव्हता. तिथे आजींच्या जागी कुठलाही निष्णात माळी असता तरी तुळस गेलीच असती.

आजींचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी उजेडाचं गणित समजून घेऊ.

डोळा फसवतो

उजेड मोजायचं एक माप आहे, लक्स. भर दुपारी उघड्या मैदानात साधारण १ लाख लक्स उजेड असतो. बाहेरच झाडाच्या सावलीत १० ते २० हजार. खिडकीला लागून, पण ऊन थेट येत नाही अशा जागी एक ते पाच हजारांच्या आसपास. आणि खिडकीपासून दहा फूट आत, आपण जिथे सोफा ठेवतो, टीव्ही ठेवतो आणि शोभेची कुंडीही ठेवतो, तिथे बरेचदा १०० ते २००.

म्हणजे मैदानातला उजेड आणि सोफ्याजवळचा उजेड यांत पाचशे ते हजार पटींचा फरक. आपल्याला तो जाणवत नाही, कारण आपला डोळा फार हुशार आहे. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, डोळ्याचा पडदा जास्त संवेदनशील होतो, आणि मेंदू सांगतो, "ठीक आहे, दिसतंय की." म्हणून आपण म्हणतो, "आमच्याकडे उजेड भरपूर आहे हो!" तो भरपूर असतो तुम्हाला पेपर वाचायला. झाडाला डोळा नाही, त्याला त्या उजेडावर पोट भरायचं आहे.

झाडाचा जमाखर्च

झाड उजेडात साखर बनवतं, ही त्याची कमाई. आणि चोवीस तास श्वसन करतं, म्हणजे साखर वापरतं, हा त्याचा घरखर्च. एका ठराविक उजेडाला कमाई आणि खर्च सारखे होतात. त्याच्या खाली उजेड गेला की झाड साठवणीतून खायला लागतं.

इथेच आपली फसगत होते. नर्सरीत झाडानं भरपूर साठवण केलेली असते. तुम्ही ते घरी आणून कोपऱ्यात ठेवता. पहिला महिना झाड टवटवीत. दुसऱ्या महिन्यात खालची पानं पिवळी. तिसऱ्या महिन्यात लांबच लांब, बारीक, उजेडाकडे वाकलेल्या फांद्या. चौथ्यात संपलं. आपल्याला वाटतं, परवापर्यंत चांगलं होतं, अचानक काय झालं? अचानक काही झालेलं नसतं. झाड पहिल्या दिवसापासून उपाशी होतं, शिल्लक आता संपली.

मग काही झाडं अंधाऱ्या घरात जगतात ती कशी? त्यांचा घरखर्चच कमी असतो. ही बहुतेक झाडं मूळची घनदाट जंगलाच्या तळाची. वर उंच झाडांचं छत, खाली पोचतो तो गाळून उरलेला उजेड. पिढ्यान् पिढ्या त्यांनी थोडक्यात भागवायला शिकलेलं आहे. ती हळू वाढतात, पानं वर्षानुवर्षं टिकवतात. म्हणून नर्सरीत विचारायचा प्रश्न "कोणतं झाड सुंदर दिसतं?" हा नाही. विचारायचं ते हे, की या झाडाचं माहेर कुठलं.

घरातला उजेड कसा मोजायचा

मोबाइलवर लक्स मोजणारी अॅप मिळतात. आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करायला चांगली. त्याशिवाय तीन घरगुती परीक्षा आहेत.

पहिली, पेपरची. दुपारी बारा वाजता, दिवा न लावता, कुंडीच्या जागी बसून पेपर वाचा. वाचता येत नसेल तर तिथे दिव्याशिवाय कुठलंच झाड जगणार नाही. वाचता येणं ही मात्र फक्त प्रवेशपरीक्षा समजा.

दुसरी, सावलीची. त्याच वेळी एक पांढरा कागद ठेवा आणि फूटभर वर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसणारी ठसठशीत सावली पडली तर उजेड उत्तम. कडा धूसर, पण हात ओळखू येतो, तर मध्यम. नुसती काळपट छाया, तर कमी.

तिसरी आमची आवडती, आकाशाची. कुंडी ठेवणार तिथे डोळा न्या. अगदी खाली वाकून, झाडाच्या उंचीला. तिथून आकाशाचा तुकडा दिसतो का? दिसत असेल तर तिथे झाडाला आशा आहे. जितका तुकडा मोठा तितकं चांगलं. समोर फक्त भिंतच दिसत असेल तर तो उजेड भिंतीवरून उसना आलेला आहे.

ही आकाशाची कल्पना आमची नाही बरं का. मुंबईत १८९६ साली प्लेग आला. नंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांचा आणि रोगराईचा संबंध तेव्हा ऐरणीवर आला होता. त्या ट्रस्टच्या कामात साडेत्रेसष्ट अंशांचा नियम होता. भिंतीच्या पायथ्यापासून ६३.५ अंशांची रेघ वर काढली, तर ती समोरच्या इमारतीला अडू नये. सोप्या भाषेत, समोरची इमारत २० मीटर उंच असेल तर मध्ये निदान १० मीटर मोकळी जागा हवी. म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही खिडकीतून आकाश दिसावं. सव्वाशे वर्षांपूर्वी माणसासाठी केलेली ही मोजणी आज आपण कुंडीसाठी करतोय. घरात झाड जगत नाही तेव्हा त्या घरातल्या माणसांनाही उजेड पुरत नाही, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

खिडकीच्या दिशेबद्दलही थोडं. आपल्याकडे दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन खोल आत येतं, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. मुंबईत शून्य सावलीचे दिवस दोन, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला असतो. पण नेमका तेव्हा पावसाळा येतो आणि ढग तो फायदा खाऊन टाकतात. म्हणून जूनमध्ये घेतलेली परीक्षा डिसेंबरात पुन्हा घ्या. घर तेच असतं, उजेड बदलतो.

कोणती झाडं आणावीत

आता मुद्द्यावर येऊ. यादी लांब करत नाही. नवख्या माणसानं यांतली दोन निवडावीत आणि वर्षभर सांभाळावीत.

पहिलं, झीझी प्लांट. माहेर पूर्व आफ्रिका, केनियापासून खाली दक्षिण आफ्रिकेपर्यंत. जाड, चकचकीत पानं, मातीखाली बटाट्यासारखे गड्डे. त्या गड्ड्यांत पाण्याचा साठा असतो. उजेड कमी असलेल्या घरात तीन-चार आठवड्यांतून एकदा पाणी पुरतं. गावाला जाऊन महिन्यानं परत आलात तरी ते तसंच उभं असतं.

दुसरं, स्नेक प्लांट. तलवारीसारखी उभी पानं, काही जण गमतीनं "सासूची जीभ" म्हणतात. हे पश्चिम आफ्रिकेतलं. पूर्वी याचं शास्त्रीय नाव सॅन्सेव्हिएरिया होतं. जनुकीय अभ्यासावरून २०१७ मध्ये ते ड्रॅसिना कुळीत घातलं गेलं, म्हणून नर्सरीत दोन्ही नावं दिसतील. खरं तर याला उजेड आवडतो, पण कमी उजेड ते सोसतं. सोसणं आणि आवडणं यांत फरक आहे, तो विसरू नका.

तिसरं, आपला मनी प्लांट. याचं माहेर प्रशांत महासागरातलं मोरेआ बेट. तिथून निघालेली ही वेल आज आपल्याकडे जिन्यात, पानपट्टीवर, बँकेत, सगळीकडे आहे. गंमत म्हणजे याला आपणहून फूल जवळजवळ येतच नाही, कारण फुलासाठी लागणारं जिबरेलिन नावाचं संप्रेरक ते स्वतः नीट बनवू शकत नाही. म्हणजे जगभरची बहुतेक सगळी वेल फांद्या तोडून, लावून वाढलेली. "चोरून आणलेला मनी प्लांटच चांगला लागतो" असं म्हणतात ना? चोरलेली असो की मागितलेली, पेर असलेली फांदी लागतेच! एक सूचना: पिवळ्या-पांढऱ्या रेघांचा घेऊ नका, गडद हिरवा घ्या. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणजे घरात खाणारी तोंडं तेवढीच आणि कमावणारे हात कमी. अंधाऱ्या जागी रेघांचा मनी प्लांट हळूहळू हिरवाच होतो, ती त्याची जगण्याची धडपड असते.

चौथं, अॅग्लोनिमा. आशियाच्या उष्ण जंगलातलं. इथेही तोच नियम, हिरव्या-राखाडी पानांचं घ्या. लाल-गुलाबी जातींना जास्त उजेड लागतो.

पाचवं, पीस लिली. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. कमी उजेडात पानं छान राहतात, फुलं मात्र येत नाहीत किंवा क्वचित येतात. तिचा मोठा गुण म्हणजे ती बोलते. तहान लागली की पानं सगळी मान टाकतात, पाणी घातलं की काही तासांत पुन्हा उभी. पाणी कधी घालायचं हे शिकायला हिच्यासारखा गुरू नाही.

आणि मिळालं तर अॅस्पिडिस्ट्रा. सगळ्या नर्सऱ्यांत मिळत नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मध्यमवर्गीय घरांत, गॅसच्या दिव्यांच्या धुरकट दिवाणखान्यांत हेच झाड टिकायचं. ते घराघरात इतकं दिसू लागलं की मध्यमवर्गीय राहणीचं चिन्हच झालं, आणि जॉर्ज ऑर्वेलच्या १९३६ च्या एका कादंबरीच्या नावातही जाऊन बसलं. वाढ फार हळू, पण हटत नाही.

उजेड जरा बरा असेल, म्हणजे सावली धूसर पण ओळखू येत असेल, तर स्पायडर प्लांट लावा. हे दक्षिण आफ्रिकेतलं. याचा एक सख्खा भाऊबंद आपल्याकडे आहे, सफेद मुसळी. तिच्या शास्त्रीय नावात तर आपलं बोरिवलीच आहे: क्लोरोफायटम बोरिविलियानम.

अळूची भावकी

एक इशारा. झीझी, मनी प्लांट, अॅग्लोनिमा, पीस लिली, आणि घरोघरी दिसणारा डिफेनबेकिया, हे सगळे अळूच्या कुळातले. अळू नीट शिजलं नाही, चिंच घातली नाही, की घसा खाजतो ना? तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यांच्या पानांत असतात. रांगतं मूल किंवा मांजर पान चावलं तर तोंडाची आग होते, सूज येते, लाळ गळते. तेव्हा लहान मूल असलेल्या घरात या कुंड्या उंचावर. छाटणी केली की हात धुवा, डोळ्याला लावू नका. स्पायडर प्लांट आणि अॅस्पिडिस्ट्रा या बाबतीत निर्धास्त.

कोणती आणू नयेत

तुळस, गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता ही उन्हाची लेकरं. कोरफड, जेड आणि ती गोंडस छोटी सक्युलंट्स हीसुद्धा उन्हाचीच. "पाणी कमी लागतं म्हणजे सोपं" असं समजून लोक सक्युलंट संगणकाच्या टेबलावर ठेवतात. त्याला पाणी कमी लागतं हे खरं, पण उजेड सगळ्यांत जास्त लागतो. अरेका पामही लोक दिवाणखान्यात उभा करतात, पण खिडकीजवळ नसेल तर तो सहा महिन्यांत पिवळा पडतो.

पाणी: प्रेमानं केलेली चूक

योग्य झाड आणलं तरी ते मारायचा एक खात्रीचा मार्ग आहे, रोज पाणी. उजेड कमी म्हणजे झाडाचं काम कमी. काम कमी म्हणजे पाणी ओढणं कमी. माती ओलीच राहते. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो, त्यांना मातीच्या कणांमधली हवा लागते. ती जागा सतत पाण्यानं भरली की मुळं गुदमरतात, मग बुरशी लागते, मुळं कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून वर पानं कोमेजतात. कोमेजलेली पानं बघून आपण काय करतो? आणखी पाणी घालतो! कुंडीभोवती चिलटं घोंगावायला लागली तर समजा, माती फार काळ ओली राहिली आहे.

म्हणून पाण्याचा वार ठरवू नका. जळून संपलेल्या उदबत्तीची काडी घ्या. मातीत चार बोटं खोल खुपसा, पाच मिनिटांनी काढा. ओली माती चिकटून आली तर आज पाणी नाही. कोरडी आली तर पाणी घाला आणि घालायचं तर पोटभर, खालच्या भोकातून निथळेपर्यंत. मग बशीतलं साठलेलं पाणी फेकून द्या. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा दोन पाण्यांतलं अंतर आणखी वाढतं.

बाटलीत, नुसत्या पाण्यात मनी प्लांट लावलेला असेल, तर आठवड्यातून एकदा पाणी पूर्ण बदला आणि बाटली आतून घासा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पालिकेचे लोक घरी येऊन कुंडीखालच्या बश्या तपासतात ते उगाच नाही.

माती आणि कुंडी

नर्सरीतून आणलेलं झाड बरेचदा लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतं. वाहतुकीला ते सोयीचं, पण अंधाऱ्या घरात तो गोळा आठवडेच्या आठवडे ओला राहतो. पंधरा दिवस झाडाला घराची सवय होऊ द्या, मग मोकळ्या मिश्रणात लावा. आमचं साधं प्रमाण: एक भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड रेती किंवा परलाइट किंवा विटेचे बारीक तुकडे, आणि वर मूठभर गांडूळखत. कुंडीला खाली भोक हवंच. "आम्ही तळाला खडे घातलेत, भोक नसलं तरी चालेल" असं पुष्कळ जण सांगतात. नाही चालत. पाणी खड्यांत सहज उतरत नाही, ते वरच्या मातीतच धरलेलं राहतं, आणि उतरलेलं तळाशी सडतं. कुंडीही फार मोठी नको. मुळांपेक्षा माती जास्त झाली तर ती वाळतच नाही.

खत दोन-तीन महिन्यांतून एकदा, तेही निम्म्या प्रमाणात. उपाशी झाडाला खत म्हणजे जेवण नव्हे. त्याचं जेवण उजेड आहे. आणि पानं पुसा हो! आपल्याकडच्या धुळीचा थर बसला की आधीच कमी असलेला उजेड आणखी अडतो. ओल्या फडक्यानं, पंधरा दिवसांतून एकदा. चकाकीसाठी खोबरेल तेल किंवा दूध लावू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

दिवा लावता येतो का?

येतो. त्यासाठी जांभळा महागडा दिवा लागतोच असं नाही. साधा ९ वॅटचा पांढरा एलईडी बल्ब झाडाच्या फूटभर वर लावला तर तिथे हजार-दीड हजार लक्स मिळू शकतात. मात्र अंतर दुप्पट केलं की उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो. म्हणून छतावरचा दिवा खोली उजळतो, झाडाला पुरत नाही. रोज १२ तास लावला तर महिन्याला साधारण सव्वातीन युनिट वीज जाते. झीझी, मनी प्लांट, अॅग्लोनिमा यांना तेवढं पुष्कळ झालं. रात्री मात्र दिवा बंद करा.

हवा शुद्ध होते का?

हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो, म्हणून आधीच घेतो. नासाच्या नावानं १९८९ चा एक अहवाल सांगितला जातो. तो खरा आहे. पण ते प्रयोग लहान, बंद पेटीत केलेले होते. आपलं घर बंद पेटी नाही, दार-खिडक्यांतून हवा सतत बदलत असते. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा पुन्हा हिशोब मांडला. घरातल्या नेहमीच्या हवापालटाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे झाडांत आपल्याला उभं राहायलाही जागा उरायची नाही. हवेसाठी खिडकी उघडा.

"स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन देतं" हेही अर्धवट आहे. ते रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन साठवू शकतं, हे खरं. पण ऑक्सिजन बनतो तो उजेडातच. मग झाडं ठेवायची कशाला? डोळ्यांना हिरवं दिसतं, सकाळी उठून एका जिवाकडे बघायचं असतं, नवं पान उलगडलं की घरात एक बातमी होते. एवढं पुरेसं नाही का?

श्रोत्यांचे काही प्रश्न

"बाथरूममध्ये खिडकी नाही, तिथे काय लावू?" दिवा लावणार नसाल तर काही नाही. दमटपणा झाडाला आवडतो, पण त्यानं पोट भरत नाही.

"झाडं आळीपाळीनं बाहेर ठेवली तर?" चांगली युक्ती आहे. एकाच जातीच्या दोन कुंड्या ठेवा, पंधरा दिवसांनी बदला. मात्र आतलं झाड एकदम दुपारच्या उन्हात नेऊ नका, पानं करपतात. आधी सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात.

"लकी बांबू चालेल का?" चालेल. तो बांबू नाही, ड्रॅसिना आहे, मूळचा आफ्रिकेतला. कमी उजेडात टिकतो. पाणी दर आठवड्याला बदलायचं.

आजींकडे परत

आजींकडे आम्ही गेलो तेव्हा कागद घेऊन बसलो, त्यांना सावलीची परीक्षा करून दाखवली. त्यांचाच हात कागदावर धरला. सावली पडलीच नाही. आजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिला जेवायलाच मिळत नव्हतं होय?" आम्ही म्हटलं, "हो आजी. तुम्ही पाणी देत होतात, पण ताटच रिकामं होतं."

त्याच इमारतीत अकराव्या मजल्यावर त्यांच्या चाळीतलीच एक शेजारीण राहते. पूर्वेची गॅलरी आहे. पाचवी तुळस तिथे लावली. आजी सकाळी लिफ्टनं वर जातात, पाणी घालतात, दिवा लावतात, दोघींचा चहा होतो. गुडघे दुखतात त्या दिवशी जाता येत नाही, आणि त्या दिवशी त्यांना चुकल्यासारखं वाटतं, हेही खरं. तुळस दारात नाही, याची भरपाई आम्ही करू शकलो नाही. खालच्या घरात खिडकीशी हिरवा मनी प्लांट आणि एक झीझी आहे. झीझीला आजी अजून "प्लॅस्टिकचं झाड" म्हणतात, पण उदबत्तीची काडी मात्र त्याच्याच कुंडीत खुपसून ठेवलेली असते.

तेव्हा मंडळी, आज घरी गेल्यावर नर्सरीत जाऊ नका. उद्या दुपारी बारा वाजता एक पांढरा कागद घ्या, घरभर फिरा, हाताची सावली बघा. ज्या जागेनं जो उजेड दाखवला त्यात भागवणारं झाड आणा. आणि आधीचं एखादं गेलं असेल, तर त्याचा ठपका आपल्या हातावर ठेवू नका.